कॅनडावाले आणि माझा डावा कान

घरात पाच स्पीकर आणि बेसचा एक भलामोठा डबा असलेला माणूस ते भाड्याने देत नाही, हे आमच्या गावात कुणालाही पटत नाही. लग्नसराई लागली की दारात कोणीतरी येऊन उभा राहतो. "हळदीला देता काय?" नाही म्हटलं की तो हसतो. त्याला वाटतं, मी भाव खातोय. मग मी सांगतो की ते गाणी ऐकायचे स्पीकर आहेत. तो म्हणतो, "मंग आमी काय भजी तळायला मागतोय?" मी दार लावून घेतो आणि मला माणूसघाणा म्हणतात. म्हणू देत.

गाव शहापूरपासून तानशाच्या अंगाला. नोकरी केली वाशिंदच्या एका कारखान्यात, मेन्टेनन्स खात्यात. तिथे एकदा मोठं यंत्र बसवायला कॅनडाचा एक इंजिनिअर आला आणि पावसाळाभर राहिला. त्याला तिखट चालायचं नाही, चहात दूध चालायचं नाही आणि आमच्या साहेबांचं इंग्रजी कळायचं नाही. माझं कळायचं, कारण मी फार कमी बोलायचो. जाताना त्याने मला बुटांचा एक खोका दिला. आत कॅसेट होत्या. म्हणाला, सगळे आमच्याकडचे आहेत, ऐक. एवढ्यावर तो गेला. पुन्हा कधी भेटला नाही, पण मला कायमचा नाद लावून गेला.

त्या गायकांची खरी नावं मी इथे लिहीत नाही. लिहून कुणाला कळणार? ज्या एखाद्याला कळतील तो लगेच म्हणेल, यांच्याहून चांगले कितीतरी आहेत. घरात त्यांना माझ्या बायकोने ठेवलेली नावं आहेत. एक पियानोवाली. एक घोगरा, जो गातोय की घसा खाकरतोय हे तिला कधी ठरवता आलं नाही. फ्रेंचमध्ये गाणारी एक रडकी. आणि मासेमारांच्या कुठल्याशा थंड गावातले तिघे भाऊ, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारे, त्यांना आम्ही कोळी म्हणतो. या सगळ्यांना मिळून ती 'तुमचे कॅनडावाले' म्हणते. "तुमचे कॅनडावाले झाले आसतील तर जेवून घ्या," अशी आमच्या घरातली हाक असते.

कॅसेट झिजल्या तशा मी सीडी मिळवल्या. सीडी जुन्या झाल्या तोवर सराउंडबद्दल वाचलं होतं. म्हणजे आवाज समोरच्या दोन स्पीकरमधून न येता चारी बाजूंनी येतो. जुनी रेकॉर्डिंग उघडून, त्यातलं एकेक वाद्य सुटं करून पुन्हा नीट मांडतात. वाचताक्षणी मला कळलं, कारण मी ते लहानपणी ऐकलं होतं. भात झोडायच्या दिवसांत मी आमच्या खळ्यात मधोमध बसायचो. समोर बाप झोडत असायचा, मागे काकाचं खळं, उजवीकडे ओढ्यापलीकडच्यांचं, आणि कुठूनतरी बैलांच्या घंटा. डोळे मिटले तरी कोण कुठे आहे आणि कोण दमलंय हे सांगता यायचं. साधं स्टिरिओ म्हणजे हे सगळं रस्त्यावर उभं राहून कुंपणातून बघण्यासारखं. आता खळी गेली, मशीन येतं, बांधावर उभं राहून धूर सोडतं आणि दुपारपर्यंत सगळं उरकतं. तक्रार करत नाही, बापाची कंबर झोडण्यातच गेली होती. पण आवाज गेला तो गेला.

निवृत्त झालो आणि कणगीची खोली मागून घेतली. बायको सहज देईना. तिथे भात असतं, उंदीर वायरी खातील, वायरी खाऊन उंदीर मरतील आणि वास येईल, असं तिचं म्हणणं. शेवटी भाताची पोती चार कोपऱ्यांत उभी रचायची, असं ठरलं. झालं उलटंच. आवाज ज्या कोपऱ्यांत घुमतो तिथेच पोती आली आणि घुमणं थांबलं. शहरातले लोक यासाठी फोमच्या गाद्या विकत आणतात. समोर तीन स्पीकर, मागे दोन, मध्ये एक लाकडी खुर्ची. खुर्ची एकच, कारण सराउंडमध्ये योग्य जागा एकच असते. हे ऐकून माझी बहीण म्हणाली होती, "म्हंजे दुसऱ्या कुनी ऐकायचंच नाय? आपमतलबीपनाचं मशीन हाय रे हे, दादा."

खोली झाली आणि नवं दुखणं सुरू झालं. माझ्या कॅनडावाल्यांपैकी एकाचाही अल्बम सराउंडमध्ये निघालेला नव्हता. कोणाकोणाचे निघतात! ज्यांच्या गाण्यात गिटार आणि गोंगाट यापलीकडे काही नाही त्यांचे डबे भरून निघतात. आणि पियानोवालीच्या अल्बममध्ये तिसऱ्या गाण्याला लांब कुठेतरी एक दार लागतं, ते स्टिरिओत थेट तिच्या मांडीवर लागतं. ते दार मागे, उजव्या कोपऱ्यात लागायला हवं. घोगऱ्याच्या पाठीशी चार-पाच बाया गातात. त्यांना त्याच्या खांद्यामागे पसरून उभं करायचं सोडून कंपनीने त्याच्या खिशात कोंबलंय. रडकीला तर मोठं सभागृह हवं, तिला फ्रीजमध्ये बसवलीय. आणि कोळी! त्यांचा जो अल्बम मला सगळ्यात प्रिय आहे तो लाकडी जमिनीच्या एका चर्चमध्ये रेकॉर्ड केलेला आहे. अख्खा गाव त्यांच्याभोवती गोल बसला होता आणि पायाने ताल धरत होता, असं सीडीच्या आतल्या कागदावर छापलंय. गोल बसला होता! आणि आम्हाला ऐकवलं कसं, तर दोन डब्यांतून, पत्र्यावर हरभरे सांडल्यासारखं.

इंटरनेटवर सराउंडच्या वेडपटांचा एक अड्डा आहे. तिथे एकदा कोणीतरी विचारलं की कॅनडातल्या कुणाकुणाचे अल्बम सराउंडमध्ये यायला हवेत. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत दुपारभर बसून लिहिलं. दार, बाया, चर्चची जमीन, सगळं. खाली एकाने विचारलं, हे शहापूर कुठे आहे, आणि तिथे दिवसभर वीज असते का. अल्बमबद्दल अक्षर नाही. माझा जळफळाट झाला, कारण वीज खरोखरच नव्हती आणि मी ते मोबाइलवर लिहिलं होतं.

पण देव नाही म्हणवत नाही. त्याच अड्ड्यावर एका फाल्गुनात बातमी आली की कोळ्यांचा तो चर्चवाला अल्बम सराउंडमध्ये निघतोय. मूळ रेकॉर्डिंग सापडलंय, जे लोक गोल बसले होते त्यांच्यातही माईक ठेवलेले होते. मी त्याच दिवशी मागवला. दिवाळीच्या आसपास येईल, असं कळलं. नोकरी लागली तेव्हाही मी इतका खूश नव्हतो. तेव्हा वाट बघायला काही नव्हतं, लागायची होतीच.

त्याच वैशाखात बहिणीच्या थोरल्याचं लग्न निघालं. बहीण एकुलती, माझ्याहून लहान, मुरबाडच्या बाजूला धसईजवळ दिलेली. तिच्या सासरची रीत अशी की हळदीला नवऱ्याला मामाने खांद्यावर घ्यायचं आणि डीजेपुढे नाचवायचं. मामा नसेल तर मामाचा मुलगा, तोही नसेल तर लोक हळूच विचारतात, माहेरचं कोणी उरलं नाही का. मला मूल नाही. म्हणजे मीच. भाचा दणकट आहे, पण कारखान्यात मी याहून जड वजनं उचललीत. खांद्याची मला काळजी नव्हती.

किन्हवली, सरळगाव करत दुपारी पोचलो. मांडवासमोर डीजेची भिंत उभी होती. टेम्पोवर बेसचे डबे एकावर एक, त्यावर टॉप, म्हणजे बारीक आवाजाचे भोंगे, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, जिथे नाचायचं होतं तिथे. दहाला बंद करावं लागतं, म्हणून अलीकडे सगळी हौस संध्याकाळीच फेडून घेतात. मी आपला मांडवाच्या मागच्या टोकाला, चुलाणाजवळ, बायकांच्यात जाऊन बसलो. तिथेही पत्रावळी थरथरत होत्या.

मला मेहुण्यांनी शोधून काढलं. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते त्यांनी प्रेमाने केलं. हाताला धरून मला पुढे आणलं आणि माईकवर ओरडले, "आमचे मामा म्हंजे साउंडचे लई शौकीन! घरात सोताची सिस्टीम हाय! त्यांना मागं बसवता? पुढं आना मामांना!" भाचा माझ्या खांद्यावर चढला. हळद आणि तेल लावून तो इतका निसरडा झाला होता की त्याचे घोटे दोन्ही हातांनी गच्च धरल्याशिवाय तो टिकेना. मग मेहुण्यांनी डीजेवाल्याला हात वर करून खूण केली. "मामांसाठी वाढव!"

मी भिंतीपासून हातभर अंतरावर होतो, डावा कान टॉपकडे. कानावर हात ठेवायचा तर नवरदेव पाठीवर पडला असता. मी ओरडलो, "कमी करा!" लोकांना वाटलं, मामा रंगात आले. ते माझ्यासोबत ओरडले. कोणीतरी मोबाइलवर त्याचं शूटिंगही केलंय. त्यात मी तोंड वासून हसतोय असंच दिसतं. अख्खं गाणं झालं. नंतर अजून एक झालं, कारण पहिल्यात मामा फार हलले नव्हते.

भाच्याला खाली उतरवलं तेव्हा डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं आणि कापसाच्या आत शिट्टी वाजत होती. बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "होतं रे दादा, सगल्यांनाच होतं. उद्याला जाईल." उद्या लग्न होतं. परवा पूजा. मग सून माहेरी जाऊन यायची होती, आणि मामाने मध्येच उठून कसं जायचं? घरी पोचून कल्याणच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आठवड्याच्या वर होऊन गेलं होतं. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. उजव्या कानाला मी पटापट बटण दाबत होतो. डाव्याच्या वेळी बराच वेळ काही आलंच नाही. मला वाटलं, अजून सुरू केलं नाहीये. काचेतून बघितलं तर मशीनवरची बाई माझ्याकडेच बघत होती.

नस गेली, डॉक्टर म्हणाले. लगेच आला असतात तर कदाचित काही करता आलं असतं. बारीक आवाज गेले, जाड थोडे राहिलेत, शिट्टी बहुधा राहील. मग त्यांनी विचारलं, "कामाला त्रास होतो का?" मी म्हणालो, निवृत्त आहे. ते म्हणाले, "मग फारसा प्रॉब्लेम नाही."

मी बहिणीला फोन केला. ती रडली, खोटं कशाला सांगू, रडली. मग फोन मेहुण्यांनी घेतला. म्हणाले, "दादा, डीजेला नावं ठेवू नका. येवडी मानसं व्हती, कुनाला काय झालं? वयाचं आसतं ते." मी म्हणालो, वयाचं असतं तर दोन्ही कानांना झालं असतं. ते म्हणाले, "हे बगा, तुमी मनाला लावून घेतलंत." तेव्हापासून धसईच्या बाजूने माझ्या कानाचा उल्लेख झाला की माझ्या स्वभावाचा होतो.

कोळ्यांच्या अल्बमचा डबा दिवाळी होऊन, भात घरात आल्यावर आला. नव्या भाताची पोती कोपऱ्यांत होती, खोलीला त्याचा वास होता. मी दुपारी जेवून आत गेलो, दार ओढलं आणि खुर्चीत बसलो. लावण्याआधी हात पुसले. समोर फिडल सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. तिघे भाऊ तीन वेगळ्या जागी उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की धाकटा उजवीकडे असतो. मग मागे लोकांचे पाय सुरू झाले, उजवीकडे मागे, लाकडावर, अगदी शेजारी. आणि डावीकडे मागे काहीच नाही. शिट्टी. माझी स्वतःची.

मला वाटलं, उंदीर. खरंच तसं वाटलं, किंवा वाटून घेतलं. उठून वायर बघितली, पोतं सरकवलं, टोकं काढून घासून पुन्हा बसवली. उजवा स्पीकर डावीकडे आणला, डावा उजवीकडे नेला. तरी डावीकडे काही नाही. मग बायकोला हाक मारली. ती पीठ माखलेल्या हातांनी आली. मी तिला डाव्या मागच्या स्पीकरपाशी उभं केलं आणि विचारलं, वाजतोय का हा?

तिने कान जवळ नेला. "वाजतोय की. चांगला वाजतोय."

"काय वाजतंय?"

"पाय आपटतायत. लाकडावर." ती थांबली, अजून वाकली. "आनी बाई हसली एक."

"कुठली बाई?"

"मला काय म्हाईत कुटली. म्हातारी वाटते. बगा, परत हसली. कुनाला तरी काय सांगतेय." ती स्वतःही हसायला लागली होती.

तो अल्बम मी किती वर्षं ऐकला असेन. त्यात हसणारी म्हातारी आहे हे मला माहीत नव्हतं. स्टिरिओत ती सगळ्यांच्या पायाखाली गाडली गेली होती. आता तिला बाहेर काढून, माझ्या डाव्या खांद्यामागे आणून बसवली होती, जशी बसवायला हवी होती तशी, आणि ती माझ्या बायकोला ऐकू येत होती. मी खुर्ची उलटी फिरवून बसलो. मग म्हातारी आली, खरंच आली, पण कोळी गेले. पुन्हा सरळ बसलो. कोळी आले, म्हातारी गेली. असं मी बऱ्याचदा केलं. बायको म्हणाली, "पुरे आता," आणि तिने पिठाच्या हातानेच मशीन बंद केलं. तिने पहिल्यांदाच त्याला हात लावला होता.

मला राग आला होता. अजून आहे. लोक म्हणतात, बहीण आहे, झालं गेलं विसरून जा. मी विसरायचा प्रयत्न केला तरी शिट्टी विसरू देत नाही. आणि माझा राग ठेवायचा कुणावर, हेही कुणी सांगत नाही. कुणीच माझं वाईट चिंतलं नव्हतं. मला मान दिला होता. शत्रू असता तर निदान मी भाच्याला खाली टाकून पळालो असतो.

परवा बहीण आली, धाकट्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पत्रिकेला हळदकुंकू लावलं, बायकोची ओटी भरली, माझ्यासमोर बसली. बरं चाललंय ना, विचारलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "दादा, हलदीला येशील ना रे? थोरल्याला खांद्यावर घेतलंस, धाकट्याला नाय घेतलंस तर त्याला काय वाटंल?"

मी कानाकडे बोट दाखवलं.

"त्याचा इचार केलाय मी," ती म्हणाली. तिचा चेहरा खरंच उजळला. "घरात सांगून ठेवलंय सगल्यांना. या टायमाला तुला दुसऱ्या अंगानं उभा करायचा नाय. तुजा डावाच कान स्पीकरकडं ठेवायचा. त्याला तसंबी काय ऐकू येत नाय. चांगला हाय तो बाहेर राहील."

ती माझ्या होकाराची वाट बघत होती. तिने माझ्यासाठी यापेक्षा जास्त विचार आयुष्यात कधी केला नसेल. मी म्हणालो, "मी येणार नाही. लग्नाला येईन, अक्षता टाकीन. हळदीला नाही."

तिचा हात गुडघ्यावरून निघाला. "एका कानापायी, दादा?"

"हो."

ती उठली. चहा तसाच राहिला. बायको तिला थांबवायला मागे गेली, मी उठलो नाही. उठायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही. दारात चप्पल घालताना ती वळून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना मी बघितले. पण दार माझ्या डाव्या हाताला आहे.

"काय म्हणाली?" मी बायकोला विचारलं.

बायको उंबऱ्यात थोडी उभी राहिली, रस्त्याकडे बघत. मग आत आली आणि कप उचलला.

"काय नाय," ती म्हणाली.